पासवर्ड 1234

आमच्या सोसायटीत 84 फ्लॅट आहेत आणि गेली सहा वर्षं मी तिचा खजिनदार आहे. दिवसभर बॅलार्ड इस्टेटला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आकडेच भरायचे आणि रात्री भांडुपला घरी येऊन पुन्हा आकडेच, ही हौस तुम्हाला का, असं बायको दर महिन्याच्या 25 तारखेला विचारते. 25 ला मेंटेनन्सची बिलं निघतात. ती निघतात आमच्या हॉलमध्ये, देव्हाऱ्याशेजारच्या कॉम्प्युटरवर.

त्या कॉम्प्युटरवर काय काय होतं ते आधी सांगतो. 84 घरांचे फोन नंबर, थकबाकीच्या याद्या, नॉमिनेशनचे फॉर्म, भाडेकरूंच्या पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद, त्यातल्या बऱ्याच जणांच्या आधार आणि पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती. सोसायटीचं जीमेल कायम उघडं. आणि क्रोममध्ये सेव्ह केलेले माझे, बायकोचे, मुलीचे सगळे पासवर्ड. कारण प्रत्येक वेळी कोण टाइप करणार?

दिवाळी उलटून आठवडा झाला होता. शुक्रवारी रात्री जेवून बसलो आणि क्रोम उघडलं, तर गूगलच्या जागी भलतंच एक पान. काहीही शोधलं की आधी कुठल्या तरी अनोळखी पत्त्यावर गटांगळी खायचं आणि मग याहूवर उगवायचं. उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी "5 व्हायरस सापडले" अशी चिठ्ठी. सीपीयूचा पंखा मात्र आम्ही काहीच करत नसताना पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. (तो आवाज दोन-तीन दिवस येत होता. मी धूळ साचली असेल म्हणून सोडून दिलं होतं.)

तेवढ्यात पूर्ण स्क्रीन निळी झाली, भोंगा वाजायला लागला, आणि "तुमचा कॉम्प्युटर सुरक्षेसाठी बंद करण्यात आला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा" असं इंग्रजीत आलं. वर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह. माझी पाचावर धारण बसली.

"अहो, नंबर दिलाय ना, लावून बघा," बायको म्हणाली.

मी फोन हातात घेतलाही होता. सायली, आमची मुलगी, आतून धावत आली आणि फोन हिसकावून घेतला. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. तो निळा पडदा म्हणजे ब्राउझरनं पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं एक साधं वेबपान होतं. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून क्रोम बंद केल्यावर भोंग्यासकट गेलं. नंबर लावला असता तर पलीकडच्यानं गोड बोलून स्क्रीन ताब्यात घेणारं ॲप टाकायला लावलं असतं.

निनाद माझा भाचा. ऐरोलीला एका कंपनीत सर्व्हरच्या सुरक्षेचं काम करतो. रात्री साडेअकराला त्याला फोन लावला. त्यानं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं:

"मामा, आधी नेटची वायर काढ. स्कॅन-बिन नंतर."

वायर काढली. मग म्हणाला, मामीच्या फोनवरून, वायफाय बंद करून, सोसायटीचं जीमेल उघड आणि सिक्युरिटीत जाऊन कोणकोणत्या यंत्रावर लॉगिन आहे ती यादी बघ. यादीत माझा फोन होता, घरचा कॉम्प्युटर होता, आणि तिसरा एक विंडोज कॉम्प्युटर, परदेशातला, गुरुवारी पहाटे 3 वाजून 40 मिनिटांनी आत आलेला. भांडुपमध्ये त्या वेळी मी घोरत होतो.

माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. आमच्या जीमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली होती. ओटीपी आल्याशिवाय हा आत आला कसा? निनादनं ते माझ्याच भाषेत समजावलं. बॅलार्ड इस्टेटच्या एखाद्या इमारतीत गेलास की खाली रजिस्टर भरतोस, ओळखपत्र दाखवतोस, मग गळ्यात व्हिजिटर पास अडकवतात. त्यानंतर दिवसभर तू कुठल्याही मजल्यावर फिर, लोक फक्त पास बघतात. ब्राउझर तसाच पास सांभाळून ठेवतो, त्याला सेशन कुकी म्हणतात. या चोरानं तुझा पासवर्ड फोडला नाही, तुझ्या गळ्यातला पास काढून नेला. शिवाय क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्डही सोबत नेले असणार.

म्हणजे कॉम्प्युटर मी कितीही घासून स्वच्छ केला असता, तरी नेलेला पास चोराच्या गळ्यात राहिलाच असता. मी एकटा असतो तर सगळी रात्र स्कॅन करण्यात घालवली असती, आणि वर त्याच बाधित मशीनवर बसून नवे पासवर्ड टाइप केले असते, म्हणजे तेही त्याला ताजे ताजे मिळाले असते.

त्या रात्री आम्ही तिघं मामीच्या फोनभोवती दोन वाजेपर्यंत बसलो होतो. आधी जीमेलचा पासवर्ड बदलला, मग ते परदेशी यंत्र साइन आउट केलं, रिकव्हरीचा नंबर माझाच आहे ना ते पाहिलं. मग निनादनं फिल्टर बघायला सांगितले. जीमेलमध्ये फिल्टर असतात हे मला माहीत होतं, पण मी कधी एकही बनवला नव्हता. तिथे एक होता. बँकेकडून येणारं प्रत्येक पत्र वाचलेलं म्हणून खूण करायचं आणि सरळ कचऱ्यात टाकायचं. फिल्टरच्या त्या एका ओळीनं माझ्या पोटात जो गोळा आला, तो निळ्या पडद्यानंही आला नव्हता. पाहुणा नुसता डोकावून गेला नव्हता, त्याला परत यायचं होतं.

पैसे गेले नाहीत. त्याचं श्रेय मला नाही, सोसायटीच्या जुन्या नियमाला आहे. आमच्या खात्यातून नेट बँकिंगनं पैसे काढायचे तर मी नोंद करायची आणि सेक्रेटरींनी त्यांच्या लॉगिननं मंजूर करायची. या दुहेरी भानगडीबद्दल मी दर सभेत कुरकुर करायचो. सुदैवानं दुसरा दिवस महिन्याचा पहिला शनिवार होता, बँक उघडी होती. दहाच्या ठोक्याला शाखेत जाऊन माझं लॉगिन बंद करून नवं घेतलं. पैसे गेले असते तर आधी 1930 वर फोन करायचा होता. हा आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत गोठवले जाण्याची शक्यता जास्त. आमचं प्रकरण माहिती चोरीचं, म्हणून केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवून पोचपावती काढून ठेवली.

आता मशीनकडे. हे घरात आलं कुणामुळे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. सायली गेम उतरवते. शनिवारी दुपारी मी तिला चांगलं अर्धा तास सुनावलं. ती काही बोलली नाही, फक्त सेटिंग्जमध्ये जाऊन इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावली. सगळ्यात वर तीन नावं, तिन्ही 27 ऑक्टोबरची. एक पीडीएफ मदतनीस, एक ब्राउझर असिस्टंट, आणि एक फाँट कन्व्हर्टर.

27 ऑक्टोबरच्या रात्री मुलगी आत्याकडे मुलुंडला होती. फाँट कन्व्हर्टर मी घेतला होता.

झालं होतं असं. सोसायटीचे उपविधी पूर्वी कुणीतरी श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले. सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड अक्षरांच्या जमान्यात ती फाइल उघडली की पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. नव्या सभासदांना फोनवर वाचता येईल अशी प्रत द्यायची म्हणून रात्री अकराला फुकट कन्व्हर्टर शोधत बसलो. एका पानावर "डाउनलोड" लिहिलेली पाच हिरवी बटणं होती. त्यातलं सगळ्यात मोठं दाबलं. झिप फाइल आली, तिला पासवर्ड. सोबतच्या टिपणात लिहिलं होतं: पासवर्ड 1234. इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा, नाहीतर तो चुकून व्हायरस दाखवेल.

मी बंद केला. आज्ञाधारक मुलासारखा.

झिपला पासवर्ड का, ते निनादनं नंतर सांगितलं. कुलूपबंद पेटीत डोकावून बघता येत नाही, म्हणून ब्राउझर आणि अँटिव्हायरस ती पेटी न तपासता आत सोडतात. किल्ली पेटीसोबतच द्यायची, म्हणजे घरमालक स्वतः उघडतो. खऱ्या कन्व्हर्टरला हे सोंग करायची गरज काय, हा प्रश्न मला रात्री अकराला पडला नाही. दिवसा ऑफिसात पेटीचं सील आणि कागदावरचा सील नंबर जुळला नाही तर मी कंटेनर हलू देत नाही. आणि 2017 च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसनं न्हावाशेव्याचं एक टर्मिनल ठप्प केलं, तेव्हाची धावपळ मी स्वतः केलेली आहे. तो प्रकार युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला होता, हेही तेव्हा चवीनं वाचलं होतं. पण हे सगळं पोर्टात होतं, आपल्या हॉलमध्ये थोडंच येणार!

रविवारी सफाई सुरू केली. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, उघडला तर हिरवी खूण, सगळं ठीक. हिरव्या खुणेचं कोडं सायलीनं सोडवलं. व्हायरस संरक्षणाच्या सेटिंग्जमध्ये अगदी तळाला "एक्स्क्लूजन्स" म्हणून एक जागा असते, डिफेंडरनं कुठे बघायचं नाही त्याची यादी. आमच्या यादीत एकच नोंद होती, सी ड्राइव्ह. पूर्ण. वॉचमन गेटवर जागाच होता, फक्त त्याला कुणीतरी भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. ती नोंद काढली तेव्हा पहिल्यांदा त्याला काही दिसायला लागलं. फुल स्कॅनला तीन तास लागले, त्यात चार गोष्टी सापडल्या. मग ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी, त्याला पाव तास. दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स या दुसऱ्या अँटिव्हायरसची फुकट आवृत्ती चालवली, तिनं आणखी डझनभर बारीकसारीक कचरा काढला. क्रोममधली अनोळखी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडले जाणारे छोटे प्रोग्रॅम, काढली, कुठकुठल्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली आहे ती यादी रिकामी केली. कोपऱ्यातल्या चिठ्ठ्या बहुतेक तिथूनच येत होत्या, त्या थांबल्या.

रविवारी रात्री मी विजयी मुद्रेनं झोपलो. सोमवारी संध्याकाळी एक्स्टेन्शन परत जागेवर हजर.

क्रोमच्या मेनूच्या तळाला एक ओळ दिसली, "हा ब्राउझर तुमची संस्था चालवते" अशा अर्थाची. माझी संस्था कुठली? सहकारी गृहनिर्माण? कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरवर जशी धोरणं लादतात, तसंच धोरण या पाहुण्यानं आमच्या क्रोमवर लादलं होतं, त्यामुळे काढलेलं एक्स्टेन्शन परत बसत होतं. ते धोरण रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतून, उडवलं तर ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये दर अर्ध्या तासानं जागं होणारं एक काम सापडलं. ते काढलं. बुधवारपर्यंत सगळं शांत. मी निनादला विचारलं, आता गेलं का पूर्ण?

"सापडलं तेवढं गेलं, मामा. न सापडलेल्याचं मी कसं सांगू? पुसून टाक."

तीन संध्याकाळी घालवून झाल्यावर "पुसून टाक" ऐकायला बरं वाटत नाही. माझं आजचं मत विचाराल तर नुसती चिकट जाहिरातवाली घाण असेल तर साफसफाई पुरे, पण पासवर्ड चोरणारं काही आत येऊन गेलं असेल तर सफाईच्या नादी लागूच नये. मला ते बुधवारी कळलं.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. जुनी हार्ड डिस्क तशीच बाजूला ठेवून नवी एसएसडी घ्यायची होती. दुकानदारानं डबा पुढे केला आणि म्हणाला, "विंडोज टाकून देऊ का साहेब? तीनशेत, लाइफटाइम." मी विचारलं, ते ॲक्टिव्हेट कसं होतं? तो म्हणाला, एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा, फक्त तेवढा वेळ अँटिव्हायरस बंद ठेवायचा. हे वाक्य मी नुकतंच कुठेतरी वाचलं होतं. आणि मग आठवलं की आमचा हाच कॉम्प्युटर 2018 मध्ये ज्यानं जोडून दिला, त्यानंही असंच "टाकून" दिलं होतं. वर अपडेटही बंद करून ठेवले होते, मूळ कंपनीला कळू नये म्हणून. सात वर्षं आम्ही त्यावर नेट बँकिंग केलं.

लायसन्स विकत घ्यायचं का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले होते, म्हणून घ्यायचं तर 11. ते आमच्या मशीनवर चालणारच नाही असं तपासणीच्या ॲपनं सांगितलं, कारण टीपीएम नावाची सुरक्षेची सोय नाही. बायको म्हणाली, बघा, देवालाच मान्य नाही. पण निनादनं बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, शिरून "पीटीटी" नावाचा एक पर्याय चालू केला आणि टीपीएम प्रकट झालं. आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये ते असतंच, बोर्डवर बंद करून ठेवलेलं होतं इतकंच. लायसन्स घेतलं. सोसायटीनं निम्मे पैसे दिले, त्यासाठी ठराव झाला.

जुन्या डिस्कवरचा डेटा काढताना एक पथ्य पाळलं. जुनं विंडोज परत चालूच केलं नाही. निनादच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीचा पेन ड्राइव्ह बनवला, त्यावरून मशीन सुरू केलं आणि फक्त कागदपत्रं, एक्सेल आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवले. प्रोग्रॅम म्हणून एकही फाइल घेतली नाही. विंडोज 11 चा पेन ड्राइव्हही त्याच्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बनवला. नवी डिस्क बसवून इन्स्टॉल व्हायला तासही लागला नाही.

नव्या मशीनवर आम्हा तिघांची तीन वेगळी खाती आहेत आणि तिघंही साधे वापरकर्ते. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं चौथं, त्याचं नाव सायलीनं "वॉचमन" ठेवलंय. त्याचा पासवर्ड लांबलचक आहे, कुणालाही पाठ नाही, कागदावर लिहून गोदरेजच्या कपाटात लॉकरमध्ये ठेवला आहे. काही इन्स्टॉल करायचं म्हटलं की मला उठावं लागतं, बायकोकडे किल्ली मागावी लागते आणि ती विचारते, "कशाला हवंय?" आजवर त्या प्रश्नाला मी दोनदाच धड उत्तर देऊ शकलो आहे.

बाकीच्या गोष्टी किरकोळ. फाइलच्या नावामागचं शेपूट दिसू दे, हा पर्याय चालू केला, म्हणजे "बिल डॉट पीडीएफ" या नावामागे लपलेलं "डॉट ईएक्सई" दिसतं. फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाकल्यापासून हिरव्या बटणांचं पीक दिसेनासं झालं. सगळे पासवर्ड क्रोममधून निघून पासवर्ड सांभाळणाऱ्या वेगळ्या ॲपमध्ये गेले. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून फोल्डर राखणारी डिफेंडरची सोय चालू केली, तर तिनं पहिल्याच दिवशी आमच्या बिलाच्या प्रोग्रॅमलाच चोर ठरवलं, त्याला हातानं परवानगी द्यावी लागली. बॅकअपची डिस्क फक्त रविवारी दुपारी तासभर जोडतो आणि काढून ठेवतो, कारण जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतं. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे बिलं छापायला जाणारा पेन ड्राइव्ह वेगळा केला. तिथून परत आलेल्या ड्राइव्हवर दोनदा फोल्डरच्या जागी एक केबीचा शॉर्टकट मिळाला आहे. तो न उघडता ड्राइव्ह सरळ फॉरमॅट करतो.

सगळ्यात अवघड काम कॉम्प्युटरवर नव्हतंच. सेक्रेटरी म्हणाले, पैसे गेले नाहीत ना, मग कशाला बोभाटा? मी दोन दिवस त्यांचं ऐकलं. पण ज्यांच्या आधारच्या प्रती त्या फोल्डरमध्ये होत्या, त्यांच्याशी लिफ्टमध्ये बोलताना नजर वर उचलेना. शेवटी नोटीस बोर्डावर सर्क्युलर लावलं, काय झालं, कुणामुळे झालं, कुठले कागद बाहेर गेले असू शकतात. आधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक कसं करायचं तेही लिहिलं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी आपले सगळे कागद परत मागितले आणि महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. बाकीचे एकेक करून आपापले फोन घेऊन घरी यायला लागले, "जरा बघता का, याच्यात पण असंच काहीतरी येतंय."

उपविधींची फाइल अजून श्रीलिपीतच आहे. जुन्या छापील प्रतीवरून रोज रात्री दोन पानं मी हातानं टाइप करतो. काल 31 वं पान झालं.